पन्ना किती?

सोलापूरच्या चाटी गल्लीत दुकानातला पोरगा उलगडलेलं ठाण मध्येच गुंडाळायला लागला की समजावं, होटगीची गाडी वेळेवर आली आणि अक्का पायऱ्या चढताहेत.

अक्का म्हणजे कुणी एक बाई नव्हे, ती शिवणवेड्यांची जात आहे. दर गावात एक तरी सापडतेच. आमच्या होटगीची मात्र जरा जास्तच तयार. जंक्शनजवळ राहिल्याने हिला कापडासाठी दोन्ही दिशा मोकळ्या. सोलापूर एका बाजूला पंधरा किलोमीटरवर, मध्ये फक्त टिकेकरवाडी. दुसऱ्या बाजूला विजापूर, बागलकोटवरून गदगला जाणारी लाइन. दर पौषात अक्कांना बदामीच्या बनशंकरीची ओढ लागते. बदामीच्या अलीकडे गुळेदगुड्ड रोड स्टेशन आहे, आणि खणाचे माग गुळेदगुड्डलाच. तेव्हा देवीला थोडं थांबावं लागतं.

दुकानात शिरल्यावर इतर बायका रंग बघतात, मग भाव विचारतात. अक्का विचारतात, “पन्ना किती?” कापडाची रुंदी 36 इंच म्हटली की त्यांचा चेहरा पडतो, 44 म्हटली की खुलतो, कारण तेवढ्या पन्न्यात ब्लाउज निघून उरलेल्यात नातीचं झबलं बसतं. हा हिशेब डोक्यातच होतो. त्यानंतर बोटांनी कापड चोळणं, उजेडात धरणं, उरेब ओढून बघणं. “शंभर टक्के कॉटन, अक्का!” असं दुकानदार म्हणाला, की अक्का काठाचा एक धागा उपसतात आणि काडेपेटी मागतात. सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतो. असा मणी धरला की दुकानदार एकदम पंख्याकडे बघायला लागतो. हल्ली त्या गल्लीत देवापुढची काडेपेटी देवामागे ठेवतात म्हणे.

घासाघीस कानडीत, नापसंती मराठीत. पद्मशाली दुकानदार नोकराशी तेलुगूत काहीतरी पुटपुटतो. ते अक्कांना नेमकं कळतं, पण भाव ठरेपर्यंत त्या कळू देत नाहीत.

त्यांचं एक कायमचं दुखणं आहे. “1877 साली गिरणी निघालेलं गाव हे! चादरी इथल्या, टॉवेल इथले, कुठकुठल्या शाळांचे गणवेश इथं शिवतात. आणि मला ब्लाउजचं कापड दाखवता ते सुरतेचं?” दुकानदार नम्रपणे सांगतो की अक्का, टॉवेलचा ब्लाउज कोण घालणार? हे उत्तर तो एकदाच देतो. पुढच्या खेपेला अक्का टर्किशचा शिवलेला ब्लाउज घेऊन हजर. काखेत अंमळ जाड होतो खरा. पण घाम टिपतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात एवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं.

अर्ध्या दुकानाची ठाणं खाली उतरवून शेवटी खरेदी होते पाऊण मीटर अस्तराची. मला विचाराल तर दुकानदारांची त्याबद्दल तक्रार नसावी. एवढं कापड ओळखणारं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं, याचा त्यांना आतून अभिमानही असतो. नव्या पोराला दुकानदार सांगतो, “अक्कांपुढं माप धरायला शीक, मग कुणापुढंही उभा राहशील.”

गावात मात्र अक्कांची धास्ती आहे, ती ओटीच्या ब्लाउजपिसांमुळे. हा तुकडा शिवण्यासाठी नसतो, पुढे देण्यासाठी असतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बारशाला आलेला हळदीकुंकवाला जातो, तिथून मुंजीला, आणि कधीतरी मूळ मालकिणीकडे माहेरपणालाही येतो. तो एकदा अक्कांच्या ओटीत पडला की फिरणं संपलं. आठ दिवसांत त्याला बाह्या फुटतात. गेल्या वर्षी कुणाच्या तरी हातून चुकून त्यांच्याकडे गेलेला मोरपंखी पीस अर्ध्या आळीने ओळखला, कारण तो अर्ध्या आळीने दिलेला होता.

बरं, शिवण्याचा धडाका असूनही खाटेखालच्या तीन ट्रंका भरलेल्याच. त्यातलं काही काढू म्हटलं, की “ते चांगल्या कामासाठी ठेवलंय.” ते काम कोणतं, हे ट्रंकेलाही ठाऊक नसावं.

अक्कांच्या यजमानांची, म्हणजे काकांची, मात्र या शिवणकामातून सुटका नाही. परवाच्या थंडीत अक्कांनी जेकार्ड चादर कापून त्यांना जाकीट शिवलं. ऊबदार, अस्तर लावलेलं, काजं हातानं केलेली. आता सोलापुरी चादरीत कारखान्याचं नाव विणलेलंच असतं. ते बरोबर पाठीवर आलं. काका जाकीट घालून स्टेशनावर गेले, तर दोघांनी चादरीचा भाव विचारला आणि एकानं एजन्सी मिळेल का म्हणून चौकशी केली. काका तणतणत घरी आले. अक्कांनी त्यांना उजेडात पाठमोरं उभं केलं, चष्मा लावून मधली शिवण तपासली आणि म्हणाल्या, “लोकांना वाचता आलं म्हणजे शिवणीवर अक्षरं जुळली. मी उगाच रात्रभर जागी होते.”