दोन सायलेन्सर, एक जावई

येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. एका तोंडाने खायचं आणि दोन नळकांड्यांनी ओकायचं. शिवाय किक आणि गिअर यांची दांडी एकच: आत दाबून मागे फिरवली की किक, पुढे आणली की गिअर. म्हैसूरच्या कारखान्यातून १९७३ पासून या नावाच्या गाड्या बाहेर पडल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, पण ही जमात काही संपली नाही. ती लोकांच्या सासऱ्यांकडे सुखरूप आहे.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, १९७८ची. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कालव्यांच्या गळत्या शोधण्यात त्यांची हयात गेली. गाडी बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये चादर पांघरून उभी होती. सासूबाई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांनी ती बाहेर काढली, धुतली, पुसली आणि दसऱ्याला तिच्या हँडलला हार घालून मला म्हणाले, “जावईबापू, महाबळेश्वरला जाऊन येऊ.”

अधिक महिन्यात जावयाला चांदीचं ताट देतात. मला मांडीवर धरायला टूलबॉक्स मिळाला.

सुरूर फाट्यापर्यंत गाडी बरी चालली. खंबाटकीत थोडी ठसकली, पण अप्पा म्हणाले, “गार आहे अजून.” पुण्यापासून खंबाटकीपर्यंत आल्यावरही जी गाडी गार असते, तिच्याबद्दल मला शंका आली होती, पण सासऱ्याच्या मागे बसून शंका काढायच्या नसतात. वाईत ढोल्या गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले आणि शाहीर साबळ्यांची पसरणी मागे टाकून घाटाला लागलो.

घाटात धूर सुरू झाला.

टू-स्ट्रोकचा धूर हा दोष नव्हे, स्वभाव आहे. पेट्रोलमध्येच तेल कालवायचं, लिटरला चाळीसेक मिली. ते जळणार, मग धूर निघणारच. सकाळी पहिल्या किकला थोडा ढग आला तर कुणी मनाला लावून घेत नाही. बघायचं ते एवढंच, की त्याचा रंग कसला, वास कसला आणि इंजिन तापल्यावर तो विरतो का. आमचा विरत नव्हता. जसजशी गाडी तापली तसतसा तो दाट झाला, पांढरट, बुळबुळीत आणि जळक्या पेंडीसारख्या वासाचा. मागची गाडी दिसेना. मागच्या गाडीला अर्थातच घाट दिसेना. मग मिसिंग सुरू झालं: फट, फट, काही नाही, फट, काही नाही, काही नाही. एका वळणावर ‘काही नाही’ एवढंच उरलं.

अप्पांनी प्लग काढला. काळा, ओला, टोकाशी तेलाचा थेंब लोंबतोय. चांगल्या प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असतं. फार भाजलं की पांढरं पडतं. असा काळा ओला प्लग ठिणगी देत नाही. वीज फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीवरून गुपचूप जमिनीत उतरते. नवा प्लग लावला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. दोन वळणं ऐटीत चढली आणि पुन्हा तेच.

आता बघे जमले. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीला डॉक्टर शोधावा लागत नाही.

एम-एटीवरचा दूधवाला थांबला. गाडीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं. “डबलसीट का?” म्हणाला. मग म्हणाला, “चोक उघडा राहिला असंल.” चोक बंद होता. काळीपिवळी जीपवाल्याने आधी माझ्याकडे, मग धुराकडे बघून निदान केलं: “बोअर-पिस्टनचं काम निघालंय. आणि लोड पन हाय.” एक गृहस्थ मोठ्या गाडीतून उतरून समजावू लागले की उंचीवर हवा विरळ होते, म्हणून पेट्रोल जास्त पडतं, मिश्रण गडद होतं. हे खरंच आहे. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथे कार्बोरेटरचा हिशोब थोडा चुकतोच. पण त्याने गाडी धाप टाकते, तेल ओकत नाही. जाता जाता तेही म्हणाले, “पाठीमागे वजन थोडं कमी असतं तर...”

वजनाचा आणि ठिणगीचा संबंध मला आजतागायत कुणी समजावलेला नाही.

अप्पा कुणाचं ऐकत नव्हते. त्यांची पद्धत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही. आधी टाकीतलं तेल जास्त झालं का ते बघितलं. डायरीत नोंद होती, प्रमाण बरोबर होतं. मग उजवीकडचं डायनामोचं झाकण काढून पॉइंट बघितले. पॉलिश पेपर मारला, फिलर गेजने ०.४ मिलिमीटरची फट लावली आणि पॉइंटमधली धूळ पुसायला माझं व्हिजिटिंग कार्ड मागितलं. त्या कार्डाचा तो पहिला प्रत्यक्ष उपयोग. ठिणगी निळी, कडक आली, म्हणजे कंडेन्सरही ठीक. तरी प्लग पुन्हा ओला.

एवढ्यात एक झकपक गाडी हळू झाली, काच खाली आली आणि मोबाइल बाहेर आला. आतला पोरगा धुराचा व्हिडिओ काढत ओरडला, “काका, भंगारात द्या!” माझ्या हातात पाना होता. अप्पांनी मान वर केली नाही. प्लग पुसत ते म्हणाले, “तो आकडा द्या.”

टूलबॉक्सच्या झाकणात, चिकटपट्टीखाली, केसांचा एक काळा आकडा होता. एक पाय सरळ केलेला. प्लगच्या आतल्या खोबणीतली काजळी कोरायला त्याच्याइतकं बारीक दुसरं काही नाही, असं अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “तिनेच काढून दिला होता. याच घाटात. अंबाडा सुटला, वरपर्यंत केस धरून बसली होती.” आकडा धोतराच्या सोग्याला पुसून त्यांनी पुन्हा चिकटपट्टीखाली ठेवला. मी पाना खाली ठेवला.

शेवटी न्यूट्रल करून, इंजिन बंद ठेवून, उतारानेच वाईला परत आलो. पसरणीचा घाट एवढ्या शांतपणे फार थोड्या लोकांनी पाहिला असेल.

एसटी स्टँडमागे एक म्हातारे मेस्त्री भेटले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, तेव्हाच मला विश्वास वाटला. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, “गिअरचं तेल कधी घातलं?”

डायरी निघाली. “दसऱ्याच्या आदल्या दिवशी. लेव्हलपर्यंत.”

मेस्त्रींनी लेव्हलचा स्क्रू काढला. थेंब नाही. स्क्रू-ड्रायव्हर आत घातला, टोक कोरडं. मग गाडीखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. फरशी स्वच्छ.

“खाली सांडलं नाही. मंग गेलं कुठं? गाडी प्याली.”

गंमत अशी की या इंजिनात पिस्टनखालची पेटीही श्वास घेते. पेट्रोल-हवा आधी तिथे ओढली जाते, मग वर ढकलली जाते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील घट्ट लागतात. उजवं, डायनामोकडचं सील गेलं तर पेटी फुकटची हवा ओढते, आणि गाडी आपोआप रेस होऊन तापते. डावीकडे क्लच आणि चेन तेलात बुडालेली असतात. ते सील गेलं तर पेटी तेच तेल ओढून जाळते. धूर त्याचा, वास त्याचा, प्लगवरचा थेंबही त्याचाच. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं, यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही.

अप्पा एकदम गप्प झाले. मग स्वतःशीच म्हणाले, “कुठून येतंय ते बघू नका, कुठून कमी होतंय ते बघा, असं ज्युनिअर पोरांना सांगत आलो मी.” त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सील साताऱ्याहून एसटीच्या ड्रायव्हरकडे पुडीत येणार होतं, म्हणून मुक्काम पडला. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची वसईहून आणलेली घंटा पाहिली. अप्पांनी घंटेपेक्षा घाटाच्या पायऱ्यांत पाणी कुठे झिरपतंय तेच जास्त पाहिलं. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तिथे जाऊन धूर या विषयावर काय म्हटलंय ते बघावं असं मनात आलं, पण अप्पा दुकानातून हलायला तयार नव्हते. मेस्त्रींनी क्लच खोलला, पुलर लावून चेनचं चक्र उपसलं आणि जुनं सील काढून अप्पांच्या तळहातावर ठेवलं. ते दोन बोटांत दाबल्यावर भाकरीसारखं मोडलं.

सकाळी गाडी सुरू केली. सायलेन्सरमधलं जुनं तेल जळेपर्यंत थोडा धूर आला, मग अगदी सभ्य, निळसर रेघ उरली. मेस्त्रींनी हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे, नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

“घाटापुरतं,” ते अप्पांना म्हणाले, “पावन्यांना एसटीनं येऊ द्या.”

पाचगणीच्या स्टँडवर मी उतरलो तेव्हा अप्पांचा चहा संपत आला होता.

“जावईबापू,” ते प्रसन्नपणे म्हणाले, “महाबळेश्वरची गाडी पाच मिनिटांत सुटते. मी होतो पुढे.”