धरण उशाला, टँकर दाराला

नैसर्गिक आपत्ती मुख्यतः दोन: अतिवृष्टी आणि टंचाई. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात दोन्हींची सोय एकाच वर्षात होते. आषाढात घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, भातखाचरांचे बांध फुटतात. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव ही धरणे तुडुंब भरतात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले आणि पूर पुण्यात गेला. टंचाई मात्र गावातच राहते. पाणी शिस्तीचे असते: उताराने निघते, बारामती-फलटणच्या उसाला किंवा पुण्याच्या नळाला भेटते. डोंगरावरच्या वाडीकडे चढ लागतो. चढाला पंप, पंपाला वीज, विजेला योजना, योजनेला मंजुरी. काळा कातळ पाणी धरत नाही. वैशाखात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरले जाते आणि टँकर येतो, धरणाच्या काठाकाठाने.