नानांच्या वाड्यातलं टेंगूळ

माझ्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, एक टेंगूळ आहे. ते ऐतिहासिक आहे.

म्हणजे पेशवाईतल्या लाकडाने आलेलं आहे. पण त्या लाकडापर्यंत पोचण्याआधी माझा या क्षेत्रातला पूर्वानुभव सांगायला हवा. जुने वाडे आणि बागा बघत हिंडायचं मला वेड आहे, आणि वाडे-बागांना मी नको आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो तेव्हा ही बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलीय, जपानी माणूस बागेत कसा शांतपणे, निसर्गाशी एकरूप होऊन चालतो, हे मी हिला चालून दाखवत होतो. पाचव्या पावलाला शिट्टी वाजली. मी हिरवळीवर होतो. शनिवारवाड्यात पुतण्याला एका खोलगट जागेत उभं करून मी म्हणालो, “बघ, इथे बसून पेशवे न्यायनिवाडा करत.” पुतण्याने मागची पाटी वाचली. ते हजारी कारंजं होतं. अर्थात 1828 च्या आगीनंतर तिथे तट, दरवाजे आणि जोतीच उरलेली, तेव्हा कुठलाही विद्वान फसू शकतो. फक्त कारंजं हे कारंज्यासारखंच दिसतं, एवढीच माझी अडचण झाली.

तर गेल्या दिवाळीनंतर इंदूरहून माझे साडू आणि मेहुणी आले. साडूबुवा माणूस सज्जन, पण त्यांना महाराष्ट्रातलं काहीही दाखवा, ते शांतपणे मान हलवतात आणि म्हणतात, “छान. आमचा होळकरांचा राजवाडा सात मजली आहे.” पर्वती चढून झाल्यावर, धापा टाकतानासुद्धा म्हणाले. तेव्हा मी ठरवलं की यांना मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा दाखवायचा आणि मजल्यांचा विषय कायमचा मिटवायचा. आदल्या रात्री अभ्यासाला पेशवाईवरचं जाडजूड पुस्तक घेऊन आडवा झालो. चौथ्या पानावर नाना जन्मले आणि मी झोपलो.

सकाळी पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा आणि चहाचा थर्मास अशी शिदोरी घेऊन निघालो. खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूरला वाईचा फाटा लागतो. तो लागला तेव्हा मी नानांची मुत्सद्देगिरी समजावून सांगत होतो, त्यामुळे फाटा त्याच्या जागी राहिला आणि आम्ही पुढे गेलो. भुईंजही मागे पडलं तेव्हा हिने घसा खाकरला. मी म्हणालो, “मुद्दाम पाचवडकडून जातोय, तो रस्ता बघण्यासारखा आहे.” पुढे वाईपर्यंत सगळे तो रस्ता बघत होते, मी कुणाकडेच बघत नव्हतो.

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले. देऊळ 1762 सालचं, रास्त्यांनी बांधलेलं, हे मी बरोबर सांगितलं. (दिवसभरात मी बरोबर सांगितलेली ही एकमेव गोष्ट, म्हणून नोंदवून ठेवतो.) खरं तर ज्या गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश सिद्ध केला, त्या गावात शिरताना माझ्यासारख्याने तोंड मिटून घ्यायला हवं होतं. पण मेणवली तिथून जेमतेम तीन किलोमीटर आणि मी आता रंगात आलेलो.

वाडा मात्र पाहताक्षणी गप्प करणारा आहे. म्हणजे इतरांना. जाड भिंती, चौकामागे चौक, काळं पडलेलं सागवान, आत पाऊल टाकताच लागणारा तो जुन्या वाड्यांचा गारवा. हे गाव नानांना 1768 साली इनाम मिळालं. पेशवाईच्या कागदपत्रांचं इथलं दप्तर, मेणवली दप्तर, अभ्यासकांना आजही उपयोगी पडतं. साडूबुवा मजले मोजायच्या आत मी पुढे झालो.

“डोकं सांभाळा,” ही म्हणाली.

“दार बुटकं का ठेवलंय माहितीय?” मी मागे तोंड करून, उलट पावली चालत, सगळ्यांना सांगू लागलो. “शत्रू आत शिरला की त्याला मान वाकवावीच लागते, बेसावध सापडतो, आणि मग आतला माणूस...” आणि इथे मी दाराकडे वळलो.

आतल्या माणसाची गरज पडली नाही. चौकटीनेच काम केलं.

“वा!” साडूबुवा म्हणाले. “प्रात्यक्षिक उत्तम.”

मेहुणीने थर्मासचं झाकण कपाळावर दाबून धरलं, आणि टेंगूळ चहाच्या उबेने आणखी फुगलं. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. सहावी-सातवीची तीसेक मुलं, त्यांनी मला हातवारे करताना पाहिलं आणि वाटाड्या समजून माझ्याभोवती कोंडाळं केलं. शहाण्या माणसाने तिथेच खुलासा केला असता. मी घसा साफ केला.

“मुलांनो, पेशवाईत साडेतीन शहाणे होते. त्यातले नाना अर्धे, कारण ते बुद्धीने लढत, तलवारीने नाही. बाकीचे तीन पूर्ण. सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि...”

आणि पुढे अंधार. टेंगूळ ठणकू लागलं. “आणि...” मी भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असेल.

“देवाजीपंत चोरघडे,” दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

“शाब्बास! तुम्हाला येतं का तेच बघत होतो.” तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

साडूबुवांनी हिला हळूच विचारलं, “मग हे किती शहाणे?” ही म्हणाली, “तो हिशोब नानांनाही जमला नसता.”

वरचा जिना भिंतीच्या पोटातून जातो. उभा, अंधारा आणि अरुंद. त्यात मी शिदोरीच्या पिशवीसह शिरलो आणि सहाव्या पायरीवर अडकलो. वर पिशवी जाईना, खाली मुलं येईनात. शेवटी साडूबुवांनी मागून रेटा दिला, मी माडीवर पोचलो, पुऱ्यांचे पापड झाले. भिंतीवरची जुनी रंगीत चित्रं मी हाश्शहुश्श करत पाहिली. कुणालाही माहिती दिली नाही.

खाली येऊन आम्ही जेवलो आणि मी ओसरीवर जरा पाठ टेकली. सागवानी खांब, अंगणातलं तुळशीवृंदावन, शिरा. डोळा लागला. जाग आली ती कॅमेऱ्याच्या आवाजाने. एक तरुण जोडपं माझे फोटो काढत होतं. “हे कोण असतील रे?” मुलीने विचारलं. मुलगा म्हणाला, “वाड्यातलेच असतील. जुने वाटतायत.” मी डोळे पुन्हा मिटून घेतले. दिवसभरात पहिल्यांदाच कुणी मला इथला समजलं होतं.

कृष्णेकाठी चंद्रकोरीसारखा घाट आहे. ‘स्वदेस’ सिनेमातलं गाव हेच, त्यामुळे मेहुणीला नानांपेक्षा शाहरुख कुठे बसला होता यात रस, आणि तिच्या समाधानासाठी मी एका पायरीकडे खात्रीने बोट दाखवलं. मेणेश्वराजवळ एक भलीमोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ घेतलेली एक स्त्री कोरलेली. “यशोदा आणि बाळकृष्ण,” मी साडूबुवांना सांगितलं. “पेशव्यांची कृष्णभक्ती...”

“काका,” मागून आवाज आला. दोन वेण्या. “ती मेरी आहे आणि बाळ येशू. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई पोर्तुगीजांकडून जिंकली ना, तिथल्या चर्चची घंटा आहे ही.”

मी सन्मानाने माघार घ्यायला मागे सरकलो. मागे घाटाच्या पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर शेवाळ होतं. बसलो तो थेट पाण्याजवळ. मला साडूबुवांनी पकडलं, पण डावी चप्पल कुणी पकडली नाही. ती डोलत डोलत मधल्या धारेला लागली. “आता सांगली, मग कर्नाटक, मग आंध्र,” ती मुलगी बाईंना सांगत होती. तिचा भूगोलही चांगला होता.

परतीच्या वाटेवर, मी एका पायात चप्पल घालून गाडी चालवत असताना (सुरूरचा फाटा या वेळी हिने हाताने दाखवला), साडूबुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाडा खरंच सुंदर आहे हो.” सात मजल्यांचं नाव नाही. मी जिंकलो होतो. त्या भरात म्हणालो, “आता पुढच्या वर्षी आम्ही इंदूरला येतो. राजवाडा बघायला. दारं उंच आहेत ना?”

“दारं उंच आहेत,” साडूबुवा म्हणाले. मग माझ्या कपाळाकडे आणि अनवाणी पायाकडे बघून जरा थांबले. “पण मजले सात आहेत. म्हणजे जिने सहा.”

मागच्या सीटवरून ही म्हणाली, “आम्ही लालबागेतच बसू.”