छातीइतक्या उंचीवर

भाची फॉरेस्ट्रीला आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी ‘अरे वा’ म्हणतो आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतो, ‘म्हणजे नेमकं काय?’ डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, गेला बाजार बी.कॉम., यांच्याबद्दल असं कुणी विचारत नाही. आमच्या एका काकांनी तर ‘जंगल आपोआप वाढतं, त्यात शिकायचं काय?’ असा निकालच देऊन टाकला. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. तिथल्या वनशास्त्र महाविद्यालयातून चार-चार वर्षं शिकून मुलं बाहेर पडतायत, तरी काकांचा प्रश्न जागच्या जागी उभा आहे.

काय शिकतात ते मला तिच्या हातांकडे बघून कळत गेलं. आधी नखांत माती दिसायला लागली. ती रोपवाटिकेची. माती, वाळू आणि शेणखत कालवून काळ्या पिशव्या भरायच्या, हे काम ऐकायला बालवाडीचं वाटतं. पण पिशवी अर्धी भरली की ती जमिनीवर हलकेच आपटून माती बसवावी लागते, नाहीतर पहिल्याच पाण्याला पिशवी कमरेत वाकते आणि आतलं रोप शेजारच्या रोपाच्या खांद्यावर मान टाकतं. रोजावर येणाऱ्या बायका या मुलांची एक पिशवी होईतो चार भरून मोकळ्या होतात आणि वर ‘शिका हो बाय, शिका’ असा आशीर्वादही देतात. सागाचं बी म्हणजे तर आडमुठेपणाचा कळस. ते रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, असे लाड बरेच दिवस पुरवायचे. त्यानंतरही सगळं एकदम उगवून येईल तर शपथ! काजूचं बी त्या मानाने सरळ. पाण्यात टाकलं की बुडेल ते घ्यायचं, तरंगेल ते टाकायचं.

मग हर्बेरियम. झाडाची डहाळी, जमल्यास फुलाफळासकट, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि कागदावर चिकटवायची. कोकणातल्या पावसात काहीही वाळवणं हा मुळात धाडसाचा प्रकार. कागद रोज बदलले नाहीत तर नमुन्यापेक्षा बुरशीचाच संग्रह चांगला होतो. वसतिगृहातल्या सगळ्या गाद्यांखाली त्या काळात पानं असतात. गादीवर जाडजूड पुस्तकं आणि पुस्तकांवर त्यांचे मालक बसलेले. पुस्तकांचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुठल्या शाखेत होत असेल असं वाटत नाही.

यातून डोळा मात्र असा तयार होतो की सोबत फिरणं कठीण व्हावं. मला जिथे नुसती हिरवी झाडी दिसते तिथे ती ऐन आणि किंजळ वेगळे काढते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची. पान उलटं केलं तर बुडाशी दोन बारीक गाठी दिसतात. फळाला पाच पंख. किंजळाची फळं लहान, आणि ती धरली की पावसाळ्यानंतर अख्खं झाड तांबूस दिसतं. सागाचं कोवळं पान चुरगाळलं तर बोटं लाल होतात. एवढंच कशाला, खाजकुइली. तिचा धडा एकदाच होतो, त्याची उजळणी कुणी मागत नाही.

मोजणी हा सगळ्यांत मजेचा भाग. झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजायचा असा नियम. छाती कुणाची? तर १.३७ मीटरची. जुन्या साडेचार फुटांचं हे मीटरमधलं रूप. भाचीच्या छातीशी त्याचा संबंध नाही, म्हणून ती काठीला खूण करून घेते आणि झाडाला काठी लावून टेप फिरवते. उतारावर झाड असेल तर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. बुंधा १.३७च्या खाली दुभंगला तर कागदावर ती दोन झाडं, वर दुभंगला तर एकच. भावांनी भिंत घातली आणि दोन रेशनकार्डं झाली, तसाच हा हिशेब. टेप धरून झाडाला कवेत घेणाऱ्या मुली रस्त्यावरून दिसतात तेव्हा येणारे-जाणारे भलताच समज करून घेतात. एका गृहस्थांनी, कोणता नवस आहे, अशी चौकशी केली होती म्हणे.

मोजण्याचं हे वेड जुनं आहे. डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन माणूस १८५६ साली ब्रह्मदेशात पेगूच्या जंगलांवर नेमला गेला. हत्तीवर बसून तो साग मोजत हिंडायचा. हातात लाकडाचे तुकडे, जाडीच्या प्रत्येक वर्गाला वेगळा, आणि झाड दिसलं की त्याच्या वर्गाच्या तुकड्यावर चाकूने खाच. पुढे १८६४ साली हाच हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. भाचीच्या वाट्याला हत्ती नाही, एसटी आहे, आणि तीसुद्धा फाट्यावरच सोडते.

खरी गंमत शेवटच्या वर्षी, कॉलेजचं आवार सोडून गावात आणि वनखात्याच्या रेंजमध्ये जायचं तेव्हा. वनरक्षकाबरोबर बीट फिरायचं, जाळरेषा बघायच्या, तोडलेल्या लाकडावर हातोड्याचा शिक्का कसा मारतात ते पाहायचं. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. झाडी आहे ती बहुतेक लोकांच्या मालकीची. म्हणजे इथे झाडाचा अभ्यास करायचा तर आधी कुणाच्या तरी अंगणात शिरून पाणी प्यावं लागतं. मला वाटतं, अभ्यासक्रमातला सर्वांत चांगला धडा हाच असावा, आणि तो कुणी ठरवून घातलेला नाही.

पुस्तकातला ऐन उंच, सरळसोट. गावातला ऐन मुठी वळून उभा असतो, कारण भाजावळीसाठी वर्षानुवर्षं त्याची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडलेली. ती वाळवून जाळायची, मग त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या सुरुवातीला भाताचा तरवा पेरायचा. अशा झाडाची उंची मोजायची कशी? भाचीने काठी डोळ्यासमोर धरली, मागे-पुढे झाली, शेवटी घरच्या आजींनाच विचारलं. आजी म्हणाल्या, ‘उंची कशाला गो? किती भारे निघतात ते लिही.’ तिने भारेच लिहिले. तो आकडा निदान खरा होता.

पुढच्या घरी परसात एक डेरेदार कोकम. बियांपासून लावलेल्या कोकमांत निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, ते कळत नाही. म्हणून तर विद्यापीठाने कलमं दिली, कोकण अमृतासारख्या जाती काढल्या. भाचीने हे सगळं म्हाताऱ्या मालकाला नीट समजावलं आणि शेवटी, हा नर आहे, याचा काही उपयोग नाही, असं हळूच सांगितलं. ‘नर आहे ते आमच्या बापाशीला ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘उपयोग नाही कसा? म्हस बांधतो ना मी त्याला.’

तिच्या तक्त्यात ‘उपयोग’ या रकान्यात फळ, लाकूड, चारा, सरपण आणि इतर एवढंच छापलेलं. तिने ‘इतर’पुढे ‘म्हैस’ लिहिलं. मार्गदर्शक सरांनी त्यावर लाल पेनाने गोल करून प्रश्नचिन्ह काढलं. आता ती सावलीचा घेर, सावलीतल्या म्हशीचं दूध आणि उन्हातल्या म्हशीचं दूध यांची तुलना करून सरांना पटवायच्या मागे लागली आहे, आणि त्यासाठी तिला एक उन्हात बांधलेली म्हैस हवी आहे. गावात कुणी द्यायला तयार नाही.