उपवासाचा काटा

वजन घटवण्याच्या हेतूने धरलेला उपवास महाराष्ट्रात बहुधा साबुदाण्याच्या खिचडीपाशीच सुटतो, आणि तो सुटला हे उपवास करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. साबुदाणा म्हणजे कसावा या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 किलोकॅलरी असतात, तेवढ्याच दाण्याच्या कुटात साडेपाचशेहून अधिक, आणि तुपाचा हिशेब तर पुण्यकर्म म्हणून मांडलाच जात नाही. उलट अर्धा तास झपाझप चालल्याने सर्वसाधारण प्रौढाच्या जेमतेम दीडशे किलोकॅलरी खर्ची पडतात, ज्या परतीच्या वाटेवरचा वडापाव सव्याज फेडतो. उठबस, जिने चढणे, केर काढणे अशा, व्यायामाचा मान न मिळालेल्या हालचालींत जाणाऱ्या ऊर्जेला ‘व्यायामेतर ऊर्जाव्यय’ म्हणता येईल. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधक जेम्स लेव्हिन व सहकाऱ्यांनी 16 जणांना 8 आठवडे रोज 1000 किलोकॅलरी जादा खाऊ घातल्या, तेव्हा कोणाच्या अंगी किती चरबी चढली यातील फरक मुख्यतः याच ऊर्जाव्ययाशी निगडित आढळला. हे वाचलेला सुशिक्षित गृहस्थ मात्र केर काढायला माणूस ठेवतो, पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो आणि वाचलेल्या वेळात व्यायामशाळेची वार्षिक वर्गणी भरतो.