अवतरणराव

आज्ञा संगणकाला द्यावयाची असो वा चहावाल्याला, तिच्याभोवतीचे अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी याचा निवाडा झाल्याखेरीज पुढे पाऊल न टाकणारे गृहस्थ आपल्याही ओळखीत असतीलच. आमच्या वाटूर फाट्यावरच्या अशा गृहस्थांना आम्ही अवतरणराव म्हणतो.

कापसाच्या यादीतला केवळ दुसरा रकाना काढावा म्हणून मी एकदा संगणकावरच्या ‘ऑक’ या प्रोग्रामला एका ओळीचे फर्मान लिहिले, बिनदिक्कत दुहेरी अवतरणांत घातले, आणि पडद्यावर अवघी यादी नावागावासह साद्यंत अवतरली. अवतरणरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

“दुहेरी? अहो, त्यातला डॉलर-दोन, म्हणजे तुमचा दुसरा रकाना, ऑकपाशी रुजू होण्याआधीच आज्ञा वाचणारा शेल उघडून पाहतो, त्या नावाचे त्याच्या दप्तरी काही नसते, म्हणून जागा कोरी ठेवतो. मग नुसते ‘छाप’ म्हटल्यावर ऑक बिचारा सगळी ओळच छापणार! एकेरी म्हणजे मोहोरबंद लखोटा. दुहेरी म्हणजे पोस्टकार्ड.”

तेव्हापासून लग्नाची पत्रिका हाती दिली तरी ते प्रथम “एकेरी की दुहेरी?” विचारतात. मोबाइलवरून आलेल्या आज्ञेतली वाकड्या शेपटीची अवतरणे त्यांना खोट्या नाण्यासारखी वाटतात, कारण शेल ती साधी अक्षरेच समजतो. आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत एकेरीला काडीची किंमत नाही, हे ते घरातली बदनामी सांगावी तशा हलक्या आवाजात सांगतात. ‘वाटूर जुने’ ही फाइल मी अवतरणांविना मागितली, तेव्हा शेल ‘वाटूर’ आणि ‘जुने’ अशा दोन फायली धुंडू लागला. “मोडीत ही पंचाईत नव्हती,” ते उसासले, “तिथे शब्दांत अंतरच नसे. मेजर कँडींनी मराठीला विरामचिन्हे लावली खरी. शेलला कोण लावणार?”

गावातल्या निम्म्या पोरांचे अडलेले काम त्यांनी तिकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या एकेका ओळीने मार्गी लागले, हे मात्र नाइलाजाने नमूद केले पाहिजे.

गेल्या वर्षी ते मुलाकडे पुण्याला गेले. एसटी सुटता सुटता त्यांनी दिलेल्या ओळीत अवतरण उघडले होते, मिटलेच नव्हते! इतक्या वर्षांचा सूड उगवावा म्हणून मी ती ओळ तशीच टाइप करून फोन लावला.

क्षणभर शांतता.

“पडद्यावर काय दिसतंय?”

“डावीकडे नुसता बाण.”

“म्हणजे तो वाट पाहतोय. ते राहू द्या. वाटूरला पाऊस झाला का हो?”