उबेची उधारी

ब्रिटनच्या अर्थखात्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. जुलै २०२४ मध्ये खात्याने इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे एक कोटी पेन्शनरांचे हिवाळी इंधन अनुदान बंद केले. ओरड झाली. जून २०२५ मध्ये तोडगा निघाला: २०० ते ३०० पौंड आता सर्वच पेन्शनरांना द्यायचे आणि वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांवर असेल, तर करखात्याने तेवढेच परत घ्यायचे. किती पारदर्शक व्यवहार! पुढच्या हिवाळ्यात निरीक्षकाने थर्मामीटर घेऊन घरोघरी जावे, ज्या आजोबांना घाम फुटलेला दिसेल त्यांच्याकडून ऊब अंशाअंशाने वसूल करावी आणि पावती द्यावी. बाकी कुडकुडणाऱ्यांनी निर्धास्त राहावे. त्यांच्या गॅसबिलावर फक्त ५ टक्के व्हॅट आहे.